हाड आपलं आपण जुळतं, माणूस उठवावा लागतो

आज मी तुमच्याशी जरा जुन्या काळाबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात माझ्या घरापासून करते.

मी सातवीत असताना आमची आजी न्हाणीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. घरच्यांनी तिला बाजेवर निजवलं. गावातल्या हाडवैद्याने लेप लावला आणि सांगितलं, 'हिला हलवू नका.' आम्ही ते अक्षरशः पाळलं. आई तिला वेळेवर भरवायची, अंग पुसायची, उशाशी बसायची. सेवेत काही कमी केलं नाही. पण महिनाभरात आजीच्या माकडहाडावर जखम झाली आणि ती दिवसेंदिवस खोल होत गेली. मग छातीत कफ भरला. तिसऱ्या महिन्यात आजी गेली. सगळे म्हणाले, 'म्हातारपणी हाड मोडलं की माणूस जातोच.'

पुढे मी नर्सिंग शिकायला गेले. पहिल्याच वर्षी वर्गात बाई शिकवत होत्या आणि मला एकदम कळलं की आजी हाडाने गेली नव्हती. ती एका जागी पडून राहिल्याने गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला हे सांगायचं धाडस मला कितीतरी वर्षं झालं नाही.

म्हणून आजचा विषय हा आहे: हाडामासाचं दुखणं झालेल्या मोठ्या माणसाची शुश्रूषा कशी करायची, हे जगाला कसं कळत गेलं. त्यात डॉक्टरांचा वाटा आहेच. पण अंथरुणाजवळ उभ्या राहिलेल्या बायांचा वाटाही मोठा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

अगदी जुन्या काळापासून बघू. आपल्याकडे सुश्रुतसंहिता नावाचा प्राचीन वैद्यकग्रंथ आहे. त्यात हाड मोडण्याचे १२ प्रकार आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार दिले आहेत. मोडलेल्या हाडाला आधार द्यायला कुठल्या झाडांच्या साली वापराव्या, हेही सांगितलं आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड, शिवाय बांबू. ही सगळी आपल्या बांधावरची झाडं. मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडलं तर रोग्याला फळीवर निजवून बाजूने खुंट्या ठोकाव्या, म्हणजे पाय हलणार नाही, असाही उपाय आहे.

पण मला त्यातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वेगळीच वाटते. ग्रंथ सांगतो की पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार आवळली तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. थंडीच्या दिवसांत पट्टी सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, मधल्या ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. म्हणजे बांधून विसरून जायचं नाही. सोडायचं, बघायचं, पुन्हा बांधायचं. हे बघणं म्हणजेच शुश्रूषा.

हा धडा पुढे लोक कितीदा तरी विसरले. १८८१ साली फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने लिहून ठेवलं की घट्ट पट्टीमुळे हाताचं रक्त अडतं, आतले स्नायू मरतात आणि बोटं कायमची वाकडी होतात. आजही गावोगाव कोपराजवळ हाड मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या जातात आणि हात गमावायची वेळ येते. म्हणून हे लक्षात ठेवा. पट्टी असो नाहीतर प्लास्टर, बांधल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, बोटं गार पडली, पांढरी किंवा निळी झाली, मुंग्या आल्या, बोटं सरळ करताना जीव जातोय असं वाटलं, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

प्लास्टर आलं ते १८५२ साली. मॅथायसेन नावाच्या हॉलंडच्या लष्करी डॉक्टरने कापडाच्या पट्टीत प्लास्टरची पूड भरली, ती ओली करून गुंडाळली आणि काही मिनिटांत ती दगडासारखी घट्ट झाली. लढाईतल्या जखमींना हलवणं त्यामुळे सोपं झालं.

आता इंग्लंडकडे जाऊ. तिकडेही आपल्यासारखीच हाडवैद्यांची घराणी होती. वेल्समधल्या अँगलसी बेटावर असं एक थॉमस घराणं होतं. त्यांचा मूळ पुरुष जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला एक पोरगा होता, असं सांगतात. त्या घराण्यातले इव्हान थॉमस लिव्हरपूल शहरात हाडं बसवायचे. शिकलेल्या डॉक्टरांनी त्यांना कोर्टात खेचलं. तेव्हा त्यांनी आपल्या पाचही मुलांना डॉक्टर केलं. त्यांतला एक ह्यू ओवेन थॉमस. जन्म १८३४चा. त्याने घरातली हाडवैद्यकी आणि कॉलेजातली विद्या एकत्र केली. गोदीतल्या मजुरांना तो तपासायचा आणि रविवारी गरिबांना फुकट बघायचा. त्याचं म्हणणं एकच होतं: मोडलेल्या किंवा सुजलेल्या भागाला पूर्ण, अखंड आणि पुरेसे दिवस विश्रांती द्या. त्यासाठी त्याने लोखंडी सळईचा एक साधा साचा केला. वर जांघेशी कातडी गुंडाळलेलं कडं आणि खाली पायाच्या दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या दोन सळया. पाय ताणून त्यात बांधला की हाड हलत नाही. आजही त्याला थॉमस स्प्लिंट म्हणतात. सरकारी दवाखान्यात तुमच्यातल्या कुणी कुणी तो पाहिलाही असेल.

थॉमस १८९१ साली वारला, तोवर त्याची फारशी कदर झाली नव्हती. त्याच्या हाताखाली तयार झालेला त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती विद्या पुढे नेली. आणि त्याला साथ मिळाली एका लंगड्या नर्सची.

तिचं नाव ॲग्नेस हंट. जन्म १८६६. अकरा भावंडांतली एक. दहा वर्षांची असताना तिच्या रक्तात विषबाधा झाली, खुब्यात पू झाला आणि ती जन्मभरासाठी अधू झाली. तरी तिने नर्स व्हायचं ठरवलं. कुबडी घेऊन चालणारी मुलगी नर्स कशी होणार, असं लोकांना वाटणारच. पण ती झाली आणि खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन काम करू लागली. १९०० साली तिने बासचर्च या छोट्या गावात एका घरात अपंग मुलांसाठी निवारा उघडला. बरोबर होती तिची मैत्रीण एमिली गुडफर्ड.

घरात अडचण अशी की जिना चढवून मुलांना वर नेणं जमेना. मग तिने बागेत पत्र्या-लाकडाच्या उघड्या शेड घातल्या आणि मुलं बाहेरच ठेवली. मोकळी हवा, ऊन, पोटभर जेवण. त्या काळी हाडांचा क्षय फार होता, त्याला औषध नव्हतं. अशी मुलं शहरातल्या कोंदट वॉर्डात खंगत जायची. इथे ती सुधारू लागली. १९०१ साली ॲग्नेस स्वतःचा खुबा दाखवायला रॉबर्ट जोन्सकडे गेली. तिथे ओळख झाली आणि पुढे हा नामांकित सर्जन तिच्या शेडमधल्या रुग्णांवर उपचार करायला बासचर्चला येऊ लागला.

आता ॲग्नेसने काय ओळखलं ते ऐका. मूल बरं होऊन घरी जायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा वाकडं होऊन परत यायचं. कारण घरी पट्टा कुणी नीट बांधत नसे आणि पुन्हा तपासायला आणणं गरिबाला परवडत नसे. तिने विचार केला, रोगी आपल्याकडे येऊ शकत नाही, तर आपणच त्याच्या गावाजवळ जाऊ. १९०७ पासून आसपासच्या गावांत ठरलेल्या दिवशी नर्स जायची, पट्टे तपासायची, आईला शिकवायची. आपल्या आशाताई आणि नर्सबाई घरभेटी देतात ना, त्याच जातीचं हे काम. हाडांच्या रोग्याचा अर्धा इलाज दवाखान्याबाहेर असतो, हे एका नर्सने जगाला दाखवून दिलं.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. गोळीने मांडीचं हाड मोडलेले आणि जखम उघडी असलेले शिपाई भराभर मरत होते. युद्धाच्या पहिल्या काळात अशा शंभरातले ८०च्या आसपास जात होते, असं जोन्सने नोंदवलं. मोडका पाय हलत-हलत स्ट्रेचरवरून यायचा, हाडाचं टोक आत मांस फाडत राहायचं, रक्त वाहायचं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत शिपाई संपायचा. जोन्सने आपल्या मामांचा तो साधा लोखंडी साचा आघाडीवर नेला. स्ट्रेचर वाहणाऱ्यांना तो डोळे बांधून बसवायला शिकवलं, म्हणजे रात्रीच्या अंधारातही जमावं. युद्ध संपेपर्यंत मृत्यूंचं प्रमाण शंभरात २०च्या जवळपास आलं. जखम लवकर उघडून धुणं, रक्त देणं अशा दुसऱ्या सुधारणाही होत्या. पण पहिली गोष्ट हीच की मोडलेला भाग जागच्या जागी बांधल्याशिवाय माणूस हलवायचा नाही. शेतात, रस्त्यावर, विहिरीवर कुणी पडलं तर आपणही हेच लक्षात ठेवायचं. ओढून उभं करायचं नाही. पायाला दोन्ही बाजूंनी काठी-गोधडीचा आधार बांधायचा आणि मग उचलायचं.

ॲग्नेसच्या शेडमध्येही जखमी शिपाई आले. पुढे १९२१ साली ती संस्था ऑस्वेस्ट्रीला मोठ्या जागेत गेली आणि आज ते रॉबर्ट जोन्स आणि ॲग्नेस हंट या दोघांच्या नावाचं रुग्णालय आहे. डॉक्टरच्या नावाला लागून नर्सचं नाव, असं किती ठिकाणी दिसतं? १९२७ साली तिने अपंग तरुणांना हाताचं काम शिकवणारी शाळाही काढली. १९४८ साली ती वारली.

इथवर गोष्ट विश्रांतीची झाली. पण माझी आजी तर विश्रांतीनेच गेली! मग चूक कुठे होती?

विश्रांती मोडलेल्या हाडाला हवी असते, सबंध माणसाला नाही. हा फरक कळायला आणखी एक युद्ध जावं लागलं. पाठीचा कणा मोडलेल्या माणसाचं कमरेखालचं अंग लुळं पडतं, संवेदना जाते. पूर्वी असे बहुतेक रोगी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरायचे. मारायची ती पाठीची जखम आणि लघवीचा जंतुसंसर्ग. डॉक्टर मंडळी त्यांच्यावर वेळ घालवणं व्यर्थ समजायची. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅण्डेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरकडे असा वॉर्ड दिला गेला. गुटमान ज्यू होता, हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेला. त्याने एक नियम केला: प्रत्येक रोग्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. दिवसा आणि रात्रीही. रात्री तो स्वतः वॉर्डात येऊन बघायचा.

दोन तासच का? आपण निजतो तेव्हा हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस चेपलं जातं. तिथलं रक्त अडतं. धडधाकट माणूस झोपेतही वळतो. ज्याला वळता येत नाही, त्याचं मांस आतून मरायला लागतं. वरून आधी फक्त लाल डाग दिसतो. बोटाने दाबून सोडलं तरी लाली पांढरी होत नाही, हा धोक्याचा पहिला निरोप. तो चुकला की जखम हाडापर्यंत जाते. यावर महागडं औषध नव्हतंच. इलाज होता माणसाच्या हातांचा आणि घड्याळाचा.

गुटमानचे रोगी जगले. मग तो म्हणाला, जगले ते बसून काय करणार? त्यांना कामाला लावा, खेळायला लावा. २९ जुलै १९४८ रोजी त्याने चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यांत दोन स्त्रियाही होत्या. तीच पुढे पॅरालिम्पिक झाली. आणि त्याच पॅरालिम्पिकमध्ये १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलणारे ते निनावी हात आणि हे सुवर्णपदक, यांच्यात सरळ नातं आहे असं मला वाटतं.

आपल्या महाराष्ट्रात याच काळात काम उभं राहत होतं. पुण्यात १९४४ साली सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा निघाली. ती काढणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकेच्या, लग्न होऊन आपल्याकडे आलेल्या. व्यवसायोपचार म्हणजे काय? आजारी माणसाला त्याचं रोजचं काम पुन्हा शिकवणं. बटण लावणं, भाकरी थापणं, न्हाणीत जाणं. रोगी बरा झाला म्हणजे एक्स-रे चांगला आला असं नव्हे. त्याला त्याच्या घरात त्याचं जगणं जमलं पाहिजे.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचं उदाहरण मी मुलींना नेहमी सांगते. १९५४ साली गाडीच्या अपघातात त्यांचा कणा मोडला आणि पाय कायमचे गेले. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे अमेरिकेत शिकून आल्या आणि वेल्लोरमध्ये अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग उभा केला. सेवा घेणारी बाईच सेवा देणारी झाली, जशी ॲग्नेस झाली होती.

शस्त्रक्रियेतही बदल झाला. १९३९-४०च्या सुमारास जर्मनीत क्युंट्शर या सर्जनने मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा खिळा घालायची रीत काढली. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ले यांनी टिकाऊ कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली. याचा मोठा फायदा हा की हाड आतून पक्कं झालं की रोग्याला महिनोन् महिने निजवावं लागत नाही. म्हणून आज खुब्याचं ऑपरेशन झालं की बहुधा दुसऱ्याच दिवशी म्हातारीला धरून उभं करतात. घरचे घाबरतात, रागावतातही. 'काल कापलं आणि आज उभं करता?' पण उभं करणं हाच इलाजाचा भाग आहे. त्याने फुप्फुसं मोकळी राहतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, पाठ सडत नाही.

मैत्रिणींनो, आता या सगळ्या इतिहासातून आपल्या घरी काय न्यायचं?

म्हातारं माणूस पडलं, उठता येईना, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुबा मोडला असं समजा. 'वय झालंय, आता कशाला ऑपरेशन,' असं म्हणून बाजेवर टाकू नका. लवकर दवाखान्यात न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते तिथे विचारा.

ज्याला स्वतः वळता येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदला. वळवताना ओढू नका, ओढल्याने कातडी सोलते. खाली चादर घालून दोघींनी उचलून वळवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्या. टाचा अंथरुणाला टेकू देऊ नका, पोटऱ्यांखाली घडी घाला. ऑपरेशन झालं असेल तर कुठल्या कुशीवर वळवायचं ते आधी नर्सला विचारून घ्या. रोज एकदा उजेडात माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं बघा. लाल डागावर चोळायचं नाही, तो भाग दाबातून सोडवायचा. अंथरूण कोरडं आणि सुरकुती नसलेलं ठेवा. पाणी पाजा, तासातासाला दीर्घ श्वास घ्यायला लावा, पावलं वर-खाली हलवायला लावा. आणि जेवणात डाळ, अंडं, दूध, जे परवडेल ते द्या. उपाशी शरीर जखम भरत नाही.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची. गुटमानच्या वॉर्डात रात्रीच्या पाळीला माणसं होती. ॲग्नेसच्या शेडमध्ये नर्सा होत्या. आपल्या घरी मात्र दिवसाची पाळी, रात्रीची पाळी, स्वयंपाक आणि शेत, सगळं एकाच बाईच्या डोक्यावर असतं. दर दोन तासांनी उठणं महिनाभर एकटीला शक्य नाही. तिचीच कंबर जाते. माझी आई असं करू शकली असती का? एकटी नाही.

म्हणून तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. गावात कुणाकडे कोण अंथरुणाला खिळलंय, त्या घरातली बाई शेवटची सलग कधी झोपली, हे विचारा. पाळ्या लावा. दुपारी दोघींनी जाऊन कूस बदलून द्यायची, एवढं जरी वाटून घेतलं तरी पुष्कळ. आणि घरातल्या पुरुषांनाही वळवायला शिकवा, हात त्यांनाही आहेत.

आईला ती गोष्ट मी शेवटी सांगितली. ती गप्प बसली. मग म्हणाली, 'मला कुणी सांगितलं असतं तर मी रात्रभर जागले असते गं.' मला माहीत आहे, ती जागली असती. म्हणून आज तुम्हाला सांगितलं.